तुरीला पासपोर्ट नव्हता

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला विषय दिला, ‘परदेशातील माझा उद्योग’. पत्रिकेवर हे छापलेलं पाहून माझी बायको म्हणाली, ‘उद्योग कसला, दुकान म्हणा.’ तिचं खरं आहे. शारजात रोला नावाच्या भागात माझं चारशे चौरस फुटांचं किराणा दुकान आहे. तिकडं त्याला ‘बकाला’ म्हणतात. माझ्यासकट पाच माणसं. सकाळी सातला शटर वर, रात्री बाराला खाली. सायकलवर घरपोच सामान देणारा पोरगा नेपाळचा, गल्ल्यावर बसणारा केरळचा, आणि मालक आपल्या दारव्हा तालुक्यातला. तेव्हा आज मी उद्योगपतीसारखं बोलणार नाही, दुकानदारासारखं बोलणार आहे.

पहिली गोष्ट ही, की यात नवलाचं काही नाही. आपल्याला वाटतं, यवतमाळची माणसं मुलखाबाहेर गेली ती आता आता. पण आपल्या वर्गातले पुसद, दिग्रसकडचे बंजारा मित्र आठवा. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून अर्धा हिंदुस्थान पालथा घालत होते. लदेणी म्हणजे त्या काळची मालवाहतूकच. रेल्वे आली आणि तो धंदा मोडला, म्हणून तांडे गावाकडेला स्थिरावले. आपल्या बाजारपेठेतली सिंधी कापड दुकानं आठवा. फाळणीत सीमा ओलांडून आलेली ती माणसं. घर गेलं, जमीन गेली, हातात काही नाही, तरी हातगाडीपासून सुरुवात करून त्यांनी दुकानं उभी केली. त्यांची मुलं आपल्यासोबत याच बाकांवर बसली. दिवाळीला आपण त्यांच्याकडून कापड घेतलं, पण हा माणूस दुसऱ्या देशात गेलेल्या गावातून आलाय, हे कधी आपल्या डोक्यातही आलं नाही.

आणि आपली शकुंतला! मूर्तिजापूर ते यवतमाळ ती छोटी गाडी आपण गमतीत घेतली. चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून पुन्हा चढता येतं म्हणायचो. पण क्लिक-निक्सन या इंग्रज कंपनीनं ती विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकली ती आपल्या हौसेसाठी नव्हे. आपला कापूस मुंबईला आणि तिथून इंग्लंडच्या गिरण्यांना न्यायला टाकली. म्हणजे माणसांच्या आधी आपला माल परदेशात गेला. फक्त त्या मालाची किंमत ठरवणारा माणूस आपल्यातला नव्हता.

मी गेलो १९९६ मध्ये. बी. कॉम. झालेलो, दुबईच्या देरा भागात धान्याच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायला. आठ वर्षं हिशेब लिहिले. २००४ मध्ये हे दुकान घेतलं.

दुकान घेतलं म्हणजे काय, ते सांगतो, कारण आपल्या पोरांना हे कोणी सांगत नाही. त्या वेळच्या कायद्यानं असा धंदा करायचा तर ५१ टक्के भागीदार तिथला नागरिक लागायचा. भांडवल माझं, कष्ट माझे, आणि कागदावर निम्म्याहून जास्त मालकी दुसऱ्याची. त्याला वर्षाची ठरलेली रक्कम द्यायची आणि तो भला माणूस निघावा अशी प्रार्थना करायची. माझ्या नशिबानं तो भला निघाला. २०२१ मध्ये हा नियम बहुतेक धंद्यांसाठी सैल झाला. भाड्याचे चेक वर्षाच्या सुरुवातीलाच पुढच्या तारखा टाकून द्यावे लागतात. २०२२ च्या जानेवारीत कायदा बदलेपर्यंत असा चेक परत गेला, तर तो पोलीस केसचा मामला होता. आपल्याकडे चेक परत गेला तर माणूस म्हणतो, ‘पाहू गड्या, पुढच्या हप्त्यात.’ तिकडं चेकच्या तारखेच्या आदल्या रात्री झोप लागत नसे. दुकानाचा परवाना संपला तर व्हिसा संपतो, आणि व्हिसा संपला की अठ्ठावीस वर्षं राहिलेलं गाव सोडावं लागतं. तिथं आम्ही कायम पाहुणे. पाहुण्यानं दुकान कसं चालवावं, एवढंच आम्ही शिकलो.

हे दुकान चालतं कोणावर? टॅक्सीवाले, मजूर, शिंपी, नर्सबाई यांच्यावर. बहुतेक उधारीवर. माझ्याकडे वही आहे, आपल्या गावच्या वाण्याकडे असायची तशीच. २००९ मध्ये तिथल्या सरकारनं पगार बँकेतूनच द्यायचा असा नियम आणला, तेव्हापासून मजुराचा पगार वेळेवर व्हायला लागला आणि माझी उधारीही वेळेवर यायला लागली. त्या नियमाचा उपयोग मजुराला झालाच, पण चार घरं पलीकडच्या दुकानदारालाही झाला. २०२० मध्ये कोरोना आला, कामं बंद, पगार बंद. वही भरत गेली. मे महिन्यात वंदे भारतची विमानं सुरू झाली आणि माझी अर्धी वही विमानात बसून भारतात गेली! बायको म्हणाली, आता ती पानं फाडून टाका. मी फाडली नाहीत. निजामाबादच्या एका गवंड्यानं चौदा महिन्यांनी पैसे पाठवले, सोबत निरोप, ‘शेठ, तांदूळ खाल्ला होता, विसरलो नाही.’ सगळ्यांनी पाठवले नाहीत. ज्यांनी पाठवले ते पुष्कळ झाले.

आता थोडी गंमत. दुकानात भाजी ठेवतो. एकदा एक माणूस आला आणि म्हणाला, ‘भाऊ, सांबार आहे का?’ गल्ल्यावरच्या केरळी पोरानं त्याला सांबार मसाल्याचं पाकीट काढून दिलं. तो म्हणतो, ‘हे नाही, सांबार!’ पोरगा दुसऱ्या कंपनीचं पाकीट काढतो. मी आतून ओरडलो, ‘अरे, कोथिंबीर दे त्याला!’ आणि त्या माणसाला विचारलं, ‘वणी का पांढरकवडा?’ तो म्हणाला, ‘राळेगाव.’ त्या दिवशी त्याच्याकडून मी पैसे घेतले नाहीत. सांबार या एका शब्दावर मी तिकडं कितीतरी वऱ्हाडी माणसं ओळखली आहेत.

मराठी माणूस धंदा करत नाही, हे वाक्य आपण लहानपणापासून ऐकत आलो. दुबईत धनंजय दातारांचं नाव आता सगळ्यांना माहीत आहे. त्यांचे वडील हवाई दलातून निवृत्त होऊन दुबईला गेले आणि १९८४ मध्ये त्यांनी तिथं लहानसं किराणा दुकान टाकलं. मुलगा विशीत तिथं गेला, झाडू मारला, पोती उचलली, आणि त्या एका दुकानाचा ‘अल अदील’ हा मोठा व्याप झाला. लंडनजवळ हाउन्स्लोला सुजय सोहनी आणि सुबोध जोशी या दोन मित्रांनी मंदीत नोकरी गेल्यावर २०१० मध्ये वडापाव विकायला सुरुवात केली, तो ‘श्रीकृष्ण वडापाव’. आणि आपल्या वर्गातली एक मैत्रीण, जी आज समोर बसली आहे आणि नाव घेतलं तर रागावेल, ती न्यू जर्सीत लाडू करून विकते. घरच्या स्वयंपाकघरात केलेला पदार्थ विकायला तिथं २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत मनाईच होती. आता परवानगी आहे, तीही न नासणाऱ्या पदार्थांना. तिनं मला सांगितलं, ‘लाडू वळायला आईनं शिकवलं, अर्ज भरायला मात्र आपल्या शाळेनं.’

पण मोठ्या नावांच्या गोष्टी वर्तमानपत्रात येतात. आमच्यासारख्या हजार दुकानांची गोष्ट एका धान्यातून सांगता येईल. ते धान्य म्हणजे तूर.

आपण सगळे तुरीवर वाढलो. पऱ्हाटीच्या ओळींत तुरीचं तास, थंडीत उकडलेल्या शेंगा, सोल्याची भाजी, आणि वर्षभर वरण. मी दुकान टाकलं तेव्हा मनात पक्कं होतं, की आपल्या घरची तूरडाळ आणून विकायची. माल कोणाचा, किंमत कोण ठरवणार, दोन्ही आपणच. दोन वर्षं जम बसवण्यात गेली, आणि २००६ मध्ये भारत सरकारनं डाळींच्या निर्यातीवर बंदी घातली. देशात डाळ कमी पडत होती, भाव वाढत होते. खाणाऱ्यासाठी तो निर्णय होता, आणि त्याचं कारण समजण्यासारखं होतं. पण ती बंदी थोडीथोडकी नाही, अकरा वर्षं राहिली. मी शारजात जाऊ शकलो, माझी तूर येऊ शकली नाही. मला पासपोर्ट मिळाला, तुरीला मिळाला नाही.

मग मी काय विकत होतो? मोझांबिकची तूर, टांझानियाची तूर, म्यानमारची तूर. गिऱ्हाईक विचारायचं, ‘डाळ कुठली?’ यवतमाळचा शेतकऱ्याचा पोरगा सांगायचा, ‘आफ्रिकेची.’

२०१५ मध्ये भारतात तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेली. पुढच्या वर्षी सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही चांगला झाला, आणि २०१७ च्या सुरुवातीला बाजारात तुरीचे ढीग लागले. हमीभाव होता ५०५० रुपये क्विंटल, बाजारातला भाव त्याच्या कितीतरी खाली. माझा मोठा भाऊ ट्रॅक्टर घेऊन खरेदी केंद्रावर रांगेत उभा होता. बारदाना संपला, मोजणी थांबली. चार रात्री तो ट्रॉलीखाली झोपला. रोज रात्री फोन. एका रात्री त्यानं सहज विचारलं, ‘तुझ्या दुकानात तुरीची डाळ काय भाव?’ मी भाव सांगितला. त्यानं दिऱ्हमाचे रुपये केले आणि बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, ‘ठेव आता. नंबर येईल इतक्यात.’

मित्रांनो, घरी भरमसाट तूर, बाहेर विकायला बंदी, आणि त्याच वेळी बाहेरची तूर देशात येतच होती. २०१६ मध्ये आपल्या सरकारनं मोझांबिकशी करार केला होता, पहिल्या वर्षी एक लाख टनांपासून सुरुवात करून पुढे दोन लाख टन तूर घेण्याचा.

आपल्या तोंडून लगेच निघतं, त्या आफ्रिकेच्या तुरीनं आपल्याला मारलं. मीही तेच म्हणायचो. पण देराच्या बाजारात मोझांबिकचा माल आणणारा एक व्यापारी आहे, त्याच्या खापरपणजोबांनी गुजरातेतून जहाजानं आफ्रिका गाठली होती. तो मला म्हणाला, ‘तुम्ही तूर खाता तरी. आमचे शेतकरी ती फारशी खातही नाहीत, भारतासाठी पेरतात.’ २०१७ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सरकारनं तुरीच्या आयातीवर मर्यादा घातली, आणि तिकडं भाव कोसळले. म्हणजे त्याच वर्षी माझा भाऊ इकडं रडला आणि झांबेझियातला कोणी शेतकरी तिकडं रडला. दोघांचीही एकमेकांशी ओळख नाही. दोघांच्या मधे माझ्यासारखे चारशे फुटांचे दुकानदार. हे मला कोणत्या पुस्तकातून कळलं नाही, गोणीवरच्या शिक्क्यातून कळलं.

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये तुरीच्या निर्यातीवरची बंदी उठली. मी त्याच महिन्यात भावाला फोन केला. धान्य आहे म्हणून ते पाठवता येत नाही. आधी आयात-निर्यात कोड काढावा लागतो. मग अन्न परवाना, धुरीचं प्रमाणपत्र, कीडरोग नाही असं कृषी खात्याचं प्रमाणपत्र, पाकिटावर अरबीत मजकूर, तारीख, वजन. आमची एवढी ऐपत नव्हती की अख्खा कंटेनर भरावा. भावासकट नऊ शेतकरी एकत्र आले, गिरणीतून डाळ करून घेतली, आणि दुसऱ्यांच्या मालासोबत कंटेनरात जागा घेऊन न्हावाशेवाहून जेबेल अलीला पाठवली. पहिल्या खेपेला तीन टन. पाकिटावर मराठीतून लिहिलं, ‘यवतमाळची तूरडाळ’.

खपली का? खपली. पण खरं सांगतो, आफ्रिकेची डाळ आजही माझ्या दुकानात जास्त खपते, कारण ती स्वस्त आहे आणि मजूर माणूस दर पाहून घेतो. आपली डाळ घेणारे वेगळे. लवकर शिजते म्हणून घेणारे, चवीसाठी घेणारे, आणि ‘यवतमाळ’ हा शब्द वाचून घेणारे. नऊ शेतकऱ्यांचे आता बावीस झाले. त्यात कोणी श्रीमंत झालं नाही. क्विंटलमागे गिरणी, प्रमाणपत्रं आणि भाडं वजा जाऊन जे उरतं, ते बाजारभावापेक्षा थोडं जास्त असतं, एखाद्या वर्षी बरोबरीत सुटतं. पण भाव काय हे विचारायला ते आता रांगेत उभे राहत नाहीत, मला फोन करतात आणि भांडतात. भावाच्या भांडणात मजा आहे राजेहो! ज्याला भाव ठरवताना भांडता येतं, तो शेतकरी वेगळ्याच आवाजात बोलतो.

आता जे सांगायला मी खरं तर आलो, ते.

२०१८ मध्ये एक पोरगा दुकानात आला. बावीस वर्षांचा. बिस्किटाचा पुडा उचलला, किंमत पाहून परत ठेवला. बोलण्यावरून ओळखलं, आपल्याकडचा. एका एजंटानं त्याच्याकडून दीड लाख घेतले होते. वडिलांनी दोन एकर गहाण टाकलं होतं. त्याला व्हिजिट व्हिसावर पाठवलं आणि विमानतळावर उतरल्यावर एजंटाचा फोन बंद. व्हिसाची मुदत संपून सात महिने झालेले, दंड रोज वाढत होता. पोरगा नववी नापास.

नववी नापास हे मी मुद्दाम सांगतो. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असा शेरा असतो. आखातासकट अठरा देशांत कामाला जायचं, तर त्याला सरकारची परवानगी लागते. हा नियम त्याच्या भल्यासाठी आहे. परवानगी देताना करार, पगार, विमा पाहिला जातो. एजंट काय करतो? ती तपासणी चुकवायला त्याला पर्यटक म्हणून पाठवतो. मग तिथं तो कामगार नाही, पाहुणाही नाही, कोणीच नाही. त्याच वर्षी तिथल्या सरकारनं ऑगस्टपासून माफीची योजना आणली होती, दंड न भरता परत जाता येत होतं. आम्ही पाचसहा जणांनी त्याची कागदपत्रं केली, वाणिज्य दूतावासात नेलं, आणि शारजाहून नागपूरच्या विमानात बसवलं. पोरगा घरी पोचला. दोन एकर मात्र अजून सुटलेलं नाही.

सर, तुम्ही पहाटे सहाला गणिताचे फुकट तास घ्यायचात. आम्ही डोळे चोळत यायचो. आमच्यातले कितीतरी जण छत्तीस, अडतीस मार्कांनी गणितात निघाले. तुम्हाला तेव्हा वाटलं असेल, एवढ्याच मार्कांसाठी एवढी मेहनत? त्या छत्तीस मार्कांनी आमच्या पासपोर्टवरचा तो शेरा गेला. परदेशात काय, कुठंही आम्हाला कोणी सहज फसवू शकलं नाही, कारण करार वाचता येत होता आणि हिशेब करता येत होता. तुमच्या तासाची किंमत मला त्या पोराकडे पाहून कळली.

म्हणून माझी एक सूचना आहे. मेळाव्याच्या निधीतून प्रवेशद्वार बांधायचं ठरतंय, ते बांधा. पण त्यासोबत शाळेत एक खोली द्या, आणि महिन्यातून एक रविवार. परदेशी जाऊ इच्छिणाऱ्या पोरांना आणि त्यांच्या आईवडिलांना तिथं आपण चार गोष्टी सांगू. एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाहता येतं. नोंदणीकृत एजंटाला तीस हजार रुपये आणि त्यावरचा कर, एवढंच सेवाशुल्क घेता येतं. जो लाख मागतो त्याच्याकडे पाठ फिरवायची. व्हिजिट व्हिसावर नोकरी करता येत नाही. प्रवासी भारतीय विमा २७५ रुपयांत दोन वर्षांसाठी निघतो आणि त्यात दहा लाखांचं संरक्षण आहे. आणि दहावी सुटलेला असेल, तर आधी दहावी.

दुसरी खुर्ची त्याच खोलीत, ज्यांना स्वतः जायचं नाही, पण माल पाठवायचा आहे त्यांच्यासाठी. तूर आहे, हळद आहे, आपल्या बाया करतात ते पापड-कुरडया आहेत. कोड कसा काढायचा, प्रमाणपत्र कुठं मिळतं, अर्धा कंटेनर कसा मागायचा, हे सांगायला मी व्हिडिओ कॉलवर बसेन. न्यू जर्सीवाली मैत्रीण बसते म्हणाली आहे. आपल्यातले बँकेत आहेत, कृषी खात्यात आहेत, वकील आहेत. प्रत्येकानं वर्षातला एक रविवार दिला तरी बारा महिने भरतात, एवढे आपण आहोत.

कोणी म्हणेल, पोरांना बाहेर पाठवायची खोली कशाला, इथंच काही करा. मला ते मान्य आहे. पण पोरं जाणारच आहेत. ती गहाण टाकून जायची की वाचून, विचारून जायची, एवढंच आपल्या हातात आहे. आणि ज्यांना इथं राहायचं, त्यांच्या मालाला तरी जाऊ द्या.

मला वेळ दिला होता वीस मिनिटं, बाई घड्याळ पाहताहेत, आणि बाईंनी घड्याळ पाहिलं की अजूनही भीती वाटते. बाहेर माझ्या भावानं पंधरा किलो डाळ आणून ठेवली आहे, संध्याकाळच्या पंगतीचं वरण तिचंच आहे. आपल्या सर्व गुरुजनांना वंदन करतो आणि थांबतो. खोलीसाठी नावं देणाऱ्यांनी जेवणाआधी माझ्याकडे द्यावीत, जेवणानंतर कोणी सापडत नाही.